जिग की रिग? शिसं कुठे आहे ते आधी बघा

मिनेसोटात राहायला आलेला आपला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात कधीतरी कलीगच्या बोटीत बसतो, ताजा वॉलआय (इथल्या तळ्यांतला मासा) खातो, आणि मग स्वतःचं मासेमारीचं लायसन्स काढून बेट शॉपमध्ये, म्हणजे आमिषाच्या दुकानात, जाऊन उभा राहतो. तिथे भिंतभर टांगलेल्या पाकिटांसमोर पहिला घोळ होतो तो जिग आणि रिगचा. नावं सारखी, दोन्हीत शिसं, दोन्हीत गळ, दोन्हीवर तीच जळू नाहीतर तेच गांडूळ, दोन्ही सोडायचं तळाशीच. मला तर पहिलं अख्खं वर्ष वाटत होतं की रिग म्हणजे जरा लांबलचक जिग, आणि त्यापायी किती मासे घालवले ते आता मोजत नाही.

फरक एवढाच की जिगमध्ये शिसाचा गोळा गळावरच ओतलेला असतो, आणि रिगमध्ये शिसं लाईनवर मोकळं सरकतं, त्याच्या पुढे एक छोटा स्विव्हल (फिरती कडी), आणि स्विव्हलच्या पुढे तीन ते सहा फूट बारीक लाईन सोडून मग नुसता गळ. लिंडी रिग म्हणतात ती हीच, ब्रेनर्डच्या लिंडनर भावांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी बाजारात आणलेली. तिचं शिसं बुटाच्या आकाराचं असतं, दगडांवरून घसरत चालतं, म्हणून त्याला वॉकिंग सिंकर म्हणतात.

आता याने एवढं काय बिघडतं? वॉलआय कसा खातो ते बघा. तो आधी चावत बिवत नाही, तोंड फटकन उघडतो आणि पाण्यासकट समोरचं आत ओढतो. जिग ओढली की आमिषाबरोबर शिसंही त्याच्या तोंडात जातं, त्याला काहीतरी टणक लागतं आणि तो ते थुंकायच्या तयारीत असतो, म्हणून हाताला 'टक्' जाणवलं की लगेच हिसका द्यायचा, विचार करायला वेळ नाही. रिगमध्ये तो ओढतो ती फक्त जळू, शिसं मागे तळाशी पडून राहतं आणि लाईन त्यातून सरकत जाते, म्हणजे त्याला वजन जाणवतच नाही. इथे उलट करायचं, रीलची बेल (लाईन अडवणारी तारेची कमान) उघडी ठेवून लाईन बोटावर धरायची, टकटक झाली की बोट सोडायचं, त्याला खुशाल नेऊ द्यायचं. जळू असेल तर तीन-चार सेकंद, लांब गांडूळ असेल तर अजून थोडं, मग ढील गुंडाळून वजन लागलं की रॉड एकदा लांबवर ओढायचा. मी काय करायचो, लहानपणी खाडीवर गरवताना लागलेली सवय, टोक हललं की हिसका! रिगवर असं केलं की अर्धं कुरतडलेलं गांडूळ वर येतं आणि बोटीतले बाकीचे गालात हसतात.

अर्थात फार वेळ दिला तरी पंचाईत, मासा गळ पार घशात घेतो. साइजच्या नियमामुळे परत सोडायचा मासा असेल तर तो मग जगायची शक्यता कमी. तसंच ३० फुटांच्या खालून वर काढलेल्या माशाचा हवेचा फुगा फुगतो, तो सोडला तरी बऱ्याचदा मरतो, त्यामुळे पोटापुरते मिळाले की खोल पाण्यात उगाच मजा करत बसू नये.

जिगचं वजन निवडताना नवीन माणूस हमखास जड घेतो, कारण तळ पटकन लागतो. पण जड जिग माशाला नीट आत ओढता येत नाही. साधारण दर १० फुटांना १/८ औंस, म्हणजे साडेतीन ग्रॅम, इथून सुरुवात करा आणि वारा किंवा प्रवाह असेल तरच वाढवा. तळ जाणवतोय एवढ्यात जितकी हलकी चालेल तितकी चांगली. रिगमध्ये हा हिशोब सैल असतो, शिसं तोंडात जाणारच नाहीये, त्यामुळे २५ फुटांवर अर्ध्या औंसाचं लावलं तरी मासा तक्रार करत नाही.

मोसमाचं म्हणाल तर मे महिन्यात सीझन उघडतो तेव्हा पाणी गार असतं, १० अंश सेल्सिअसच्या आसपास, मासे अजून उथळात, अंगात आळस. तेव्हा जिग आणि त्यावर शायनर मिनो (आमिषाचा छोटा मासा), तोंडातून घालून डोक्यामागून गळ काढलेला, आणि हळूहळू ओढत थांबत आणायचं. जळू या थंडीत गोळा होऊन बसते, कामाची नाही. पाणी तापलं की ती मस्त वळवळायला लागते, आणि मासेही पांगून खोल गेलेले असतात, तेव्हा शोधत फिरायला रिग हवी, बोट ताशी अर्धा ते एक मैल, त्यामागे जळू नाहीतर गांडूळ. जळू नेहमी चोषकाच्या बाजूने लावायची, म्हणजे रुंद टोक, नाहीतर ती पाण्यात पोहत नाही, नुसती गोल फिरते आणि लाईनला पीळ पडतो. (घरी फ्रिजमध्ये जळवांचा डबा ठेवण्याबद्दल बायकोशी आधी बोलून घ्या, हे मी अनुभवाने सांगतोय.)

मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्याचं उदाहरण घ्या. मधोमध चिखलाचे मोठे पठार आहेत, २० ते ३० फूट खोल, आणि उन्हाळ्यात त्यांच्या कडेने वॉलआय फिरतात. ही रिगची अगदी घरची जागा, कडेकडेने सरकत जा, कुठेतरी भेटतातच. शिवाय २००५ मध्ये या तळ्यात झेब्रा मसल (पाणी गाळून खाणारे छोटे शिंपले) सापडले, त्यानंतर पाणी बरंच स्वच्छ झालं, आणि वॉलआयचे डोळे तर अंधारात बघायलाच बनलेत, त्यामुळे भर उन्हात जळूच्या नाकाशी शिसाचा रंगीत गोळा असण्यापेक्षा सहा फूट बारीक लाईन केव्हाही बरी. याच्या उलट रेड विंग गावाजवळची मिसिसिपी नदी, धरणाखालचं गढूळ वाहतं पाणी. तिथे सहा फुटांची लाईन प्रवाहात कुठे वाहत जाईल सांगता येत नाही, तिथे बोटीखाली सरळ उभी सोडलेली जिगच पाहिजे. तिथे सॉगरही लागतात, वॉलआयचेच भाऊबंद, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका नसला आणि पाठीच्या परावर काळे ठिपके असले की सॉगर समजायचा.

दगडात काय अडकतं? जिग. शेवाळात आणि गवतात काय अडकतं? दोन्ही, पण रिगच्या बुटाऐवजी गोळीच्या आकाराचं शिसं घातलं तर निभावतं.

उरलेलं आमिष पाण्यात टाकायचं नाही, कचऱ्यात, गांडुळंसुद्धा. आणि तळ्यावरून निघताना मिनोच्या बादलीतलं तळ्याचं पाणी ओतून घरून आणलेलं पाणी घालायचं, तो इथला नियमच आहे.

एक शेवटचा घोळ राहिलाच. दुकानात 'फ्लोटिंग जिग' नावाचं पाकीट दिसेल, रंगीत फोमचं डोकं असलेला गळ. नावात जिग आहे म्हणून मी ते जिगसारखं नुसतंच लाईनला बांधलं आणि अर्धा तास बोटीमागे पाण्यावर तरंगत ठेवलं. ते लावायचं असतं रिगला, शेवटच्या साध्या गळाच्या जागी, म्हणजे शिसं तळाशी राहतं आणि गांडूळ चिखलापासून वर उचललेलं राहतं.