प्रवासी राउटर

हॉटेल, विमानतळ, भाड्याची खोली अशा परक्या जागेतले इंटरनेट एका बाजूने आत घेऊन दुसऱ्या बाजूने आपल्या खासगी वायफायवर देणारे लहान उपकरण. साबणाच्या वडीएवढे, बहुधा पाव किलोपेक्षा हलके आणि मोबाइलच्या चार्जरवर चालणारे. हॉटेलच्या नेटवर्कला हे एकच उपकरण दिसते. त्याच्यामागे दोन फोन, लॅपटॉप आणि मुलांचा टॅब आहे हे सहसा त्याला कळत नाही. बाहेरून येणाऱ्या अनाहूत जोडण्या अडवणारी फायरवॉल याच डबीत असते, वेगळी घ्यावी लागत नाही.

जिओफायसारख्या हॉटस्पॉटशी याची गल्लत होते. हॉटस्पॉटमध्ये सिमकार्ड असते आणि इंटरनेट येते ते मोबाइल कंपनीच्या टॉवरवरून. प्रवासी राउटरला बहुधा सिम नसते. हॉटेलचे वायफाय, भिंतीतल्या खोबणीतून आलेली केबल किंवा यूएसबीने जोडलेला फोन, यांतले जे हाताशी असेल ते तो घेतो. फोनचा हॉटस्पॉट असताना याची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. देशातल्या देशात, रोजचा डेटा पुरत असताना, बहुतेकांना ती नसतेच. परदेशी रोमिंगचे दर, सिग्नल न पोचणारी खोली किंवा चार जणांचे कुटुंब असले की चित्र बदलते. शिवाय फोनवर व्हीपीएन (मजकूर कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असले तरी त्याच्या हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपचे दळणवळण सहसा त्या व्हीपीएनमधून जात नाही. हे अनेकांच्या गावीही नसते.

या उपकरणाची वंशावळ घरगुती राउटरपासून सुरू होते. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला. त्यात लिनक्स वापरलेले असल्याने जीपीएल या खुल्या परवान्यानुसार त्याची आज्ञावली खुली करणे कंपनीला भाग पडले आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीच्या खुल्या प्रणालीचा प्रकल्प उभा राहिला. त्याच वर्षी ॲपलने थेट प्लगमध्ये खोचायचा एअरपोर्ट एक्स्प्रेस आणला. प्रवासाला नेता येईल असा राउटर पुष्कळांनी पहिल्यांदा पाहिला तो हाच. आज जीएल-आयनेट या कंपनीची ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेली मँगो, बेरिल, स्लेट ही मॉडेले या वर्गात सर्वाधिक चर्चेत असतात. टीपी-लिंकची छोटी मॉडेलेही बरीच वर्षे मिळतात, आणि लाटव्हियातील मायक्रोटिकची उपकरणे जाणकारांत प्रिय आहेत, मात्र त्यांच्या सेटिंगच्या जंगलात नवखा हरवतो.

धोका नेमका कोणता

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर याने फायरशीप नावाचे, फायरफॉक्सला जोडायचे साधन प्रसिद्ध केले. उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्या माणसाचे फेसबुक खाते टिचकीसरशी उघडून दाखवणारे हे साधन पाहून कंपन्यांना जाग आली. आता बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस या कूटबद्ध पद्धतीवर चालतात, त्यामुळे ‘कॉफी शॉपच्या वायफायवर बँकेचा पासवर्ड चोरीला जातो’ ही भीती पूर्वीइतकी खरी उरलेली नाही. व्हीपीएनच्या जाहिराती मात्र अजून तिच्यावरच पोट भरतात.

उरलेले धोके वेगळे आहेत. एकाच नेटवर्कवरचा अनोळखी शेजारी आपल्या लॅपटॉपची उघडी राहिलेली फाइल-शेअरिंगची दारे ठोठावू शकतो. हॉटेलच्या नावाचेच खोटे वायफाय कोणी उभे करतो. कोणती संकेतस्थळे पाहिली, याची नोंद नेटवर्क चालवणाऱ्याकडे राहते. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने डार्कहॉटेल या टोळीची माहिती उघड केली. आशियातल्या महागड्या हॉटेलांच्या नेटवर्कमध्ये शिरून ही टोळी मोजक्या पाहुण्यांना लक्ष्य करी. पाहुण्याने खोलीतून लॉगिन केले की समोर एखाद्या नेहमीच्या सॉफ्टवेअरचे अपडेट आल्याचा देखावा होई आणि त्यातून घुसखोर आज्ञावली उतरे. हॉटेलचे पान लॅपटॉपवरच उघडले तर राउटर असूनही असा सापळा तसाच राहतो. ते पान फोनवर उघडावे आणि ‘अपडेट’च्या कोणत्याही हाकेला ओ देऊ नये.

फायरवॉल आणि व्हीपीएन ही दोन वेगळी कामे आहेत. फायरवॉल वाड्याच्या दिंडी दरवाजासारखी असते: आतला माणूस हवा तेव्हा बाहेर जातो, बाहेरच्याला आत यायचे तर आतून कोणी तरी बोलावलेले असावे लागते. ओपनडब्ल्यूआरटीत आतली आणि बाहेरची अशी दोन क्षेत्रे आधीपासूनच आखलेली असतात आणि बाहेरून आलेली अनाहूत जोडणी नाकारली जाते. २०२२ मधल्या २२.०३ या आवृत्तीपासून हे काम लिनक्समधल्या आयपीटेबल्स या जुन्या गाळणीऐवजी एनएफटेबल्स या नव्या गाळणीवर चालते. वापरणाऱ्याला यात फारसे काही करायचे नसते. त्याने फक्त ‘दुरून व्यवस्थापन’ ही सोय बाहेरच्या बाजूला उघडी ठेवू नये आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. व्हीपीएनचे काम दरवाजाबाहेर सुरू होते: बाहेर पडलेला मजकूर कूटबद्ध करून, हॉटेलला न दिसता, दुसऱ्या टोकाच्या सर्व्हरपर्यंत नेणे. विश्वास ठेवावाच लागतो, फक्त हॉटेलऐवजी त्या सर्व्हरच्या मालकावर.

हौशी मंडळी पीएफसेन्स ही फायरवॉलची प्रणाली किंवा २०१५ मध्ये तिच्यातून फुटून निघालेले ओपीएनसेन्स घातलेली छोटी संगणक-पेटी सोबत नेण्याचा विचार करतात. घरी किंवा कार्यालयात ही उत्तम साधने आहेत. पण दोन्ही फ्रीबीएसडी या संगणक-प्रणालीवर उभी आहेत आणि वायफाय हे फ्रीबीएसडीचे जुने दुखणे आहे. हॉटेलचे वायफाय पकडून पुन्हा वायफायवरच वाटणे हे प्रवासातले मुख्य काम, आणि नेमके तेच त्यांना धड जमत नाही. मग सोबत वायफाय देणारा वेगळा ॲक्सेस पॉइंट आणि जाडजूड अडॅप्टर आलाच.

निवड

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. हॉटेलचे इंटरनेट ३० मेगाबिटचे असेल तर ३००० चा आकडा शोभेपुरता. खरा प्रश्न असतो व्हीपीएन चालू असताना वेग किती राहतो, आणि ते ठरते प्रोसेसरवर. मँगोची दुसरी आवृत्ती ५८० मेगाहर्ट्झच्या चिपवर चालते आणि तिला केवळ २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे; ईमेल आणि साध्या वाचनाला ती पुरते, ओपनव्हीपीएन ही व्हीपीएनची जुनी पद्धत लावली की धापा टाकते. बेरिल एएक्सचा दोन गाभ्यांचा प्रोसेसर १.३ गिगाहर्ट्झचा आहे आणि वायरगार्ड या नव्या पद्धतीवर ३०० मेगाबिटपर्यंत वेग मिळतो, असे कंपनी सांगते.

वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन यांत इतका फरक पडण्याला कारण आहे. जेसन डोनेनफेल्डने लिहिलेले वायरगार्ड जेमतेम चार हजार ओळींचे आहे, मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून ते लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे, आणि त्याची कूटपद्धती स्वस्त चिपलाही झेपते. ओपनव्हीपीएन परंपरेने गाभ्याबाहेर चालते आणि डेटाच्या प्रत्येक पाकिटाला गाभ्याच्या आत-बाहेर ये-जा करावी लागते. मात्र वायरगार्ड फक्त यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीवर चालते. ज्या कार्यालयात किंवा हॉटेलात यूडीपी अडवलेले असते तिथे टीसीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालणारे ओपनव्हीपीएनच उपयोगी पडते. दोन्ही असलेले मॉडेल घ्यावे.

दुसरी कसोटी रेडिओची. एकच रेडिओ असलेला राउटर त्याच पट्ट्यावर घेतो आणि त्याच पट्ट्यावर देतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. दोन पट्ट्यांचा राउटर एकावर हॉटेलचे वायफाय घेऊन दुसऱ्यावर आपल्याला देऊ शकतो. केबलची दोन छिद्रे असतील तर आणखी बरे. जुन्या हॉटेलांत टीव्हीच्या मागे चालू इथरनेट सापडते आणि ते वायफायपेक्षा हमखास चांगले असते.

तिसरी कसोटी म्हणजे अपडेट, आणि माझ्या मते तीच सर्वांत वरची. मे २०१८ मध्ये सिस्कोच्या टॅलोस या गटाने व्हीपीएनफिल्टर या घुसखोर आज्ञावलीची माहिती दिली. ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणे बाधित होती आणि त्यांत लिंक्सिस, मायक्रोटिक, नेटगिअर, टीपी-लिंक अशी परिचित नावे होती. अपडेट बंद झालेला राउटर म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच विसरणे. ओपनडब्ल्यूआरटीच्या अधिकृत यादीत नाव असलेले मॉडेल घेतले तर कंपनीने हात वर केल्यावरही मूळ प्रकल्पाची आवृत्ती टाकता येते.

वीज हा किरकोळ वाटणारा, पण पहिल्याच रात्री छळणारा मुद्दा. अनेक नव्या मॉडेलांना ५ व्होल्टला ३ अँपिअर लागतात. जुना चार्जर लावला की राउटर मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि दोष हॉटेलला दिला जातो. पॉवर बँकेवर चालवायचा असल्यास ती विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तास भरते.

वापरातल्या अडचणी

सगळ्यांत जास्त वेळ खातो तो लॉगिनच्या पानाचा प्रश्न. खोली क्रमांक किंवा ओटीपी मागणारे हे पान दाखवण्यासाठी हॉटेलचे नेटवर्क आपली पहिली विनंती अडवून भलतीकडे वळवते. व्हीपीएन किंवा कूटबद्ध डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आधीच चालू असेल तर ही वळवावळवी होत नाही, पान उघडत नाही आणि इंटरनेटही मिळत नाही. म्हणून आधी दोन्ही बंद करून लॉगिन करावे, मग व्हीपीएन लावावे. सोबत ‘किल स्विच’ चालू ठेवावा, म्हणजे व्हीपीएन तुटल्यास मजकूर उघड्यावर जाण्याऐवजी थांबतो. तरीही पान येईना, तर फोनवरून लॉगिन करून फोनचा मॅक पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) राउटरला द्यायचा आणि फोनचे वायफाय बंद करायचे. आजचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतात. नक्कल करायची ती त्या नेटवर्कला दाखवलेल्या पत्त्याची.

भारतातल्या सार्वजनिक वायफायवर ओटीपी बहुधा मोबाइल क्रमांकावरच येतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला सुरू झालेली रेलटेलची मोफत सेवाही याच पद्धतीची. अमेरिकेहून सुट्टीला आलेल्यांकडे इथले सिम नसते, तेव्हा नातेवाइकाच्या क्रमांकावर ओटीपी मागवून राउटर एकदा आत घातला की घरातली सगळी उपकरणे चालतात. मात्र तो क्रमांक ज्याचा, नोंदीही त्याच्याच नावावर.

पुण्यातल्या घरच्या राउटरवर व्हीपीएन सर्व्हर ठेवून परदेशातून तिथे जोडणे हा अनेकांचा बेत असतो. पुष्कळ भारतीय जोडण्यांत एकच आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा इंटरनेट) पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असल्याने बाहेरून घरापर्यंत पोचता येत नाही. मग आयपीव्ही६ हे नव्या पद्धतीचे पत्ते किंवा उपकरणे परस्परांना जोडून देणारी टेलस्केलसारखी सेवा वापरावी लागते. घर आणि हॉटेल दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते असतील तर आणखी घोळ होतो. घरची मालिका आधीच बदलून ठेवणे सोपे. व्हीपीएन लावून कार्यालयाला आपण घरीच असल्याचे भासवता येते, ही समजूतही कच्ची आहे, कारण लॅपटॉप आसपासच्या वायफायची नावे पाहूनही जागा ताडतो.

कायद्याचे भान ठेवावे लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी लागते. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास ५ लाख ते २० लाख दिरहॅम दंडाची तरतूद आहे. दुबईतल्या मराठी घरांत, अडवलेल्या इंटरनेट कॉलसाठी व्हीपीएन लावताना, ही तरतूद क्वचितच कोणाला आठवते.