दोन सेकंदांचा पहारेकरी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे ठाण्यातली बरीच जुनी मशीन माझ्यासमोर ११ वर चढली, आणि मग एकच तक्रार फिरून फिरून येऊ लागली: स्क्रीन मधूनच काळी होते.

नौपाड्यात एक डीटीपीवाले काका आहेत. ऐन लग्नसराईत पत्रिकांचं काम. पत्रिकेवरचा गणपती झूम केला की चित्र गोठायचं, मग क्षणभर काळोख, मग सगळं जागच्या जागी. काकांनी केबल बदलली, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा मॉनिटर आणून लावला. "मॉनिटर चांगलाय रे, मग जातं काय?" मी इव्हेंट व्ह्युअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला. ४१०१ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती. म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरने (सिस्टीम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमने) उत्तर देणं थांबवलं आणि सिस्टीमने त्याला परत उभं केलं. काकांना वाटत होता तो आजार, प्रत्यक्षात होती ती वाचवणूक. ती कुठून आली, हे समजायला तीसेक वर्षं मागे जावं लागतं.

१९९३ च्या विंडोज एनटी ३.१ मध्ये ग्राफिक्सचा कारभार कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, बाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालायचा. सुरक्षित, पण संथ. प्रत्येक रेघ काढायला आत-बाहेर खेपा. १९९६ ला एनटी ४.० आलं तेव्हा वेगासाठी हा कारभार कर्नलमध्ये नेला. वेग मिळाला, पण आता ड्रायव्हरने मेमरीत एकदा चुकीच्या जागी लिहिलं की अख्खं मशीन कोलमडून निळ्या पडद्यावर. २००१ च्या एक्सपीने हीच मांडणी घरोघरी पोचवली. त्या काळी निळी स्क्रीन दिसली की रॅम काढून खोडरबराने घासायची आपल्याकडे रीतच होती. कधी त्याने खरंच चालायचंही, म्हणून ती रीत टिकली.

जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आलं आणि ड्रायव्हरचे दोन तुकडे झाले. मोठा, गुंतागुंतीचा तुकडा कर्नलबाहेर, बारीक तुकडा आत. या मांडणीचं नाव डब्ल्यूडीडीएम. सोबत एक पहारेकरी नेमला, टीडीआर. ग्राफिक्स कार्डाने एखादं काम दोन सेकंदांत संपवलंही नाही आणि मध्येच सोडलंही नाही, तर तो कार्ड रीसेट करतो. मिनिटभरात वारंवार तसं झालं तर मात्र तोही हात टेकतो आणि निळा पडदा येतो.

कल्पना चांगली, पण कार्ड बनवणाऱ्या सगळ्यांना ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले आणि अर्धेकच्चे बाजारात आले. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या आतल्या ईमेल उघड झाल्या. त्यांतल्या आकड्यांप्रमाणे २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी जवळजवळ २९ टक्के एनव्हिडिया या कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरशी जोडलेले होते. शिव्या मात्र व्हिस्टानेच खाल्ल्या. २००९ च्या विंडोज ७ ने तीच मांडणी थोडी सुधारून पुढे चालवली, तोवर ड्रायव्हर मुरले होते, आणि लोक म्हणाले, काय मस्त सिस्टीम आहे!

पुढे २०१२ ला विंडोज ८ ने एक्सपीच्या धाटणीचे ड्रायव्हर पूर्ण बंद केले. २०१५ ला १० सोबत डब्ल्यूडीडीएम २.०, २०२१ ला ११ सोबत ३.०. दर वेळी कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातला करार थोडा बदलतो. कार्ड मात्र तेच, आणि जुन्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर लिहायला कंपनीला हौस नसते.

काकांच्या मशीनवर हेच झालं होतं, वर एक भर पडली होती. अपग्रेडनंतर सिस्टीमने आपणहून एक ड्रायव्हर बसवला. भाच्याने नेटवरून दुसरा उतरवून त्यावर चढवला. कोणीतरी सल्ला दिला होता की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, टीडीआरची मुदत दोनाची दहा सेकंद करा. ती नोंद मायक्रोसॉफ्टने चाचणीसाठी ठेवलेली आहे. ती वाढवून बिघाड जात नाही, गोठलेलं चित्र तेवढा जास्त वेळ बघत बसावं लागतं.

सिस्टीमने पुन्हा आपणहून ड्रायव्हर बसवू नये म्हणून मी आधी नेट तोडलं. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज किमान गोष्टींवर चालू करून, डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने दोन्ही ड्रायव्हर मुळापासून काढले, त्या कार्डासाठी निघालेला शेवटचा ड्रायव्हर बसवला आणि मगच नेट जोडलं. कॅबिनेट उघडलंच होतं म्हणून पंख्यावरची धूळही झटकली, कारण तापलेलं कार्ड किंवा दमलेला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) सुद्धा अगदी हीच लक्षणं दाखवतो. गणपती दहा वेळा झूम करून पाहिला. नवी नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "काळी नाही होत आता, पण अक्षरं एकदम बारीक झालीत!" ड्रायव्हर बदलताना स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरच्या अक्षरांचा आकार, शंभर टक्क्यांवर गेलं होतं. ते फोनवरच सांगितलं.