तंबोरा तुटत तुटत का वाजतो?

असेंबल केलेल्या पीसीवर आवाज खरंच तुटतोय की नुसता भास होतोय, हे ठरवायला तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगइतकं चांगलं साधन नाही. ढोलकीच्या किंवा डीजेच्या गाण्यात एखादी 'टक्' सहज खपून जाते. मिरजेच्या तंबोऱ्याचा जवारीदार नाद मात्र अखंड चालतो, त्यात काही मिलिसेकंदांची फट पडली तरी कान ती पकडतो. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही.) तेव्हा दहा मिनिटांची तंबोऱ्याची वेव्ह फाइल एसएसडीवर घ्या आणि सगळी तपासणी तिच्यावरच करा. यूट्यूबवर केलीत तर नेट, ब्राउझर आणि पीसी यांपैकी कोण अडखळतंय ते कळणारच नाही.

आधी थोडा हिशेब. सेकंदाला ४८,००० नमुने (म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मोजमापं), दोन चॅनल, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट. आजच्या साध्यातल्या साध्या प्रोसेसरलाही हे ओझं नाही. अडचण वेळेची असते. विंडोज हा आवाज साधारणपणे १० मिलिसेकंदांच्या, म्हणजे ४८० नमुन्यांच्या घासांनी पुढे सरकवतं. सेकंदाला शंभर खेपा, तासाला ३,६०,०००. त्यातली एक चुकली तरी ऐकू येते.

कराड-शिराळ्याकडचं गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणा. चरक आपल्या गतीने फिरत असतो, कुणासाठी थांबत नाही. ऊस घालणारा हाताशी ठेवलेल्या ढिगातून एकेक ऊस लावत जातो. कुणी त्याला बोलण्यात गुंतवलं की चरक रिकामा फिरतो आणि रसाची धार तुटते. ऑडिओ चिप हा तो चरक, हाताशी ठेवलेला ऊस म्हणजे बफर आणि ऊस लावणारा म्हणजे प्रोसेसर. त्याला बोलण्यात गुंतवणारा बहुतेक वेळा एखादा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय किंवा ग्राफिक्स कार्डासारखा भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम असतो. म्हणूनच नवीन स्पीकर आणून किंवा रॅम दुप्पट करून आवाज सहसा सुधारत नाही आणि पैसे मात्र जातात. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर १२८ नमुन्यांवरून ५१२ वर नेला तर सवलत २.७ वरून १०.७ मिलिसेकंदांवर जाते, पण तितकाच उशीर माइकच्या आवाजालाही लागतो.

पहिली पायरी फुकटची आहे. तीच फाइल पाठीमागच्या हिरव्या जॅकवर, एचडीएमआयने मॉनिटरवर आणि जमल्यास यूएसबी हेडफोनवर वाजवा. तिन्हीकडे तुटली तर दोष पीसीच्या आत, सामायिक भागात आहे. एकाच ठिकाणी तुटली तर ती वाट तपासा. फक्त कॅबिनेटच्या पुढच्या जॅकवर खरखर येत असेल तर मदरबोर्डवर 'एचडी ऑडिओ' लिहिलेल्या नऊ पिनांच्या जागी लागलेली वायर काढून पुन्हा नीट बसवा आणि ग्राफिक्स कार्डापासून लांबून न्या. एखादं नेहमीचं गाणं प्रत्येक वेळी त्याच सेकंदाला अडखळत असेल तर त्याची फाइलच खराब आहे किंवा ती ज्या हार्ड डिस्कवर आहे तिचे सेक्टर गेलेत. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमध्ये 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरचा आकडा शून्याच्या वर दिसला तर आवाजाचं नंतर बघू, आधी बॅकअप घ्या.

तिन्हीकडे तुटत असेल तर कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवतो ते मोजणारं लेटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. बाकी सगळं बंद करा, तंबोरा चालू ठेवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग 'ड्रायव्हर्स' टॅबमध्ये 'हायेस्ट एक्झिक्यूशन'च्या रकान्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत असलेल्यांची काळजी नको. एक-दोन मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ घेणारा जो असेल, त्याच्यावर संशय घ्या. मात्र यादीतलं पहिलं नाव हाच गुन्हेगार, असं लगेच ठरवू नका. 'एनडीआयएस' हा विंडोजचाच नेटवर्कचा भाग आहे, तो वर दिसला की खरा दोष बहुधा त्याच्या आधाराने चालणाऱ्या वायफाय किंवा लॅन ड्रायव्हरचा असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय डिसेबल करून पुन्हा दहा मिनिटं ऐका. नाद सरळ झाला तर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून त्याचा ताजा ड्रायव्हर घ्या. एनव्हिडियाचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर वर असेल तर तो 'क्लीन इन्स्टॉल' करा, म्हणजे जुना पुसून नव्याने घाला. मॉनिटरमधून आवाज ऐकत नसाल तर ग्राफिक्स कार्डाचं एचडीएमआय ऑडिओ उपकरणही बंद ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच बदलून आवाज सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळत नाही.

रायझन प्रोसेसर असेल तर आणखी एक गोष्ट तपासायची. अधूनमधून आवाजासकट माउसही क्षणभर गोठतो आणि मग सगळं सुरळीत होतं. एएमडीने मार्च २०२२ मध्ये हा दोष स्वतः मान्य केला. प्रोसेसरमधला एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी बोलताना जास्त वेळ घेतो आणि तेवढा काळ सगळंच थांबतं. एजेसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १२०७ किंवा त्यानंतरचा असलेलं बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, घातलं की हे जातं. आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करा. आणि वळवाच्या दिवसांत दुपारी ढग भरून आले असतील तर यूपीएसशिवाय बायोस अपडेट करूच नका. मध्येच लाइट गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची भीती असते.

ब्लूटूथ हेडफोनचं दुखणं वेगळं. असेंबल करणारा वायफायवाल्या मदरबोर्डसोबत आलेला अँटेना खोक्यातच विसरतो आणि पाठीमागचे दोन सोनेरी स्क्रू उघडेच राहतात. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही त्याच अँटेनावर चालतात. त्यामुळे खुर्ची जरा मागे सरकवली तरी गाणं तुटतं. यूएसबीत लावायचा छोटा ब्लूटूथ डाँगल वापरत असाल तर तो यूएसबी ३ च्या पोर्टाला खेटून लावू नका, त्या पोर्टचा गोंगाट ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात पडतो. हातभर लांबीची एक्स्टेंशन वायर लावून डाँगल टेबलावर आणला की फरक कळतो.

आता हवा आणि लाइट. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ हळदीची बारीक भुकटी हवेत असते. ती हीटसिंकच्या फटींत बसते आणि पावसाळ्याच्या ओलीने तिथेच थापली जाते. एप्रिल-मेच्या उन्हात अशा पीसीचा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग पाडतो, मग गाण्यासोबत बाकी सगळंच रेंगाळतं. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअरमध्ये 'थर्मल थ्रॉटलिंग'पुढे 'येस' दिसलं की पीसी बंद करून, प्लग काढून साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. महाबळेश्वर-पाचगणीच्या ओलीत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. रॅम काढून पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि त्याचे कण झटकून मगच परत बसवा. तरीही अडखळत असेल तर बायोसमधलं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून एकदा ऐका.

पंख्याचं बटण दाबलं किंवा पाण्याची मोटर सुरू झाली की नेमकी 'टक्' येते, आणि कॅबिनेटला हात लावला तर मुंग्या येतात? मग सॉफ्टवेअरला हात लावू नका, सॉकेटला बहुधा अर्थिंग नाही. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते एक-दोन व्होल्टच्या आसपास असावं आणि फेज ते अर्थ २३० च्या जवळ. गुणगुण थांबावी म्हणून कुणी प्लगची जाड पिन काढून टाकायला सांगितली तर ऐकू नका. सप्लायमध्ये बिघाड झाला तर कॅबिनेटवर येणारा करंट त्याच पिनेतून जमिनीत जातो.