प्रयोग की अर्धप्रयोग? आधी विचारा, गट कोणी पाडले

शिक्षणशास्त्राच्या शोधप्रबंधात एक वाक्य हमखास भेटते: ‘प्रस्तुत संशोधनासाठी प्रायोगिक पद्धतीचा अवलंब केला आहे.’ चार ओळी पुढे गेले की कळते, शाळेतली ‘अ’ तुकडी हा प्रायोगिक गट आणि ‘ब’ तुकडी हा नियंत्रित गट. दोन्हींची पूर्वचाचणी झाली, एकीला नव्या पद्धतीने शिकवले, दुसरीला नेहमीच्या. मग उत्तरचाचणी आणि शेवटी टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे सांगणारे गणित). सरंजाम सगळा प्रयोगाचा, पण हा प्रयोग नाही. हा अर्धप्रयोग आहे.

फरक नियंत्रित गटात शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण तो दोन्हीकडे असतो. पूर्वचाचणीही दोन्हीकडे असू शकते. बघायचे एवढेच की कोणते मूल कोणत्या गटात जाणार हे ठरवले कोणी. चिठ्ठीने, नाण्याने किंवा यादृच्छिक (म्हणजे कोणताही नियम न पाळता आलेल्या) संख्यांच्या तक्त्याने ठरवले असेल तर तो खरा प्रयोग. शाळेच्या प्रवेशनोंदींनी, शिक्षकांनी, पालकांनी किंवा मुलाने स्वतः ठरवले असेल तर तो अर्धप्रयोग, मग बाकीची शिस्त कितीही कडक असो.

नाण्याला एवढा मान कशासाठी? कारण नाण्याला मुलाबद्दल काहीच माहीत नसते. बुद्धी, घरची परिस्थिती, अभ्यासाची आवड, आपण मोजलेल्या गोष्टी आणि ज्यांचा विचारही मनात आला नाही अशा गोष्टी, सगळ्या दोन्ही गटांत सरासरीने सारख्या वाटल्या जातात. जो फरक उरतो तो निव्वळ योगायोगाचा, आणि त्याचा हिशेब संख्याशास्त्राला मांडता येतो. त्याऐवजी सारख्या मुलांच्या जोड्या लावून गट सारखे केले तर फक्त मोजलेल्या बाबी सारख्या होतात. न मोजलेल्यांचे काय, याचे उत्तर जोडीकडे नसते.

नाण्यावरचा विश्वास मध्येच सुटला की काय होते, हे स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरच्या दूध-प्रयोगात दिसते. 1930 साली तिथल्या 67 शाळांमधल्या सुमारे 20,000 मुलांवर तो झाला. निम्म्या मुलांना चार महिने रोज पाऊण पाइंट दूध दिले, निम्म्यांना दिले नाही. निवड चिठ्ठीने किंवा आडनावांच्या अक्षरक्रमाने करायची होती. पण एखाद्या गटात धडधाकट किंवा कृश मुले जास्त झाल्यासारखी वाटली, तर काही मुले बदलून गट ‘समतोल’ करण्याची मुभा शिक्षकांना दिली गेली. शिक्षक माणसेच. अशक्त मुलाला दूध मिळावे असे वाटणारच! परिणाम असा की सुरुवातीलाच दूध न मिळणारी मुले उंचीने आणि वजनाने सरस होती.

‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेटने 1931 मध्ये याची चिरफाड केली. आपण ज्या टी-चाचणीने निष्कर्ष काढतो ती याचीच. त्याने आणखी एक बारीक गोष्ट दाखवली. मुलांचे वजन कपड्यांसकट केले होते, एकदा फेब्रुवारीच्या थंडीत आणि एकदा जूनमध्ये. खात्यापित्या घरच्या मुलांच्या अंगावर हिवाळ्यात जाड कपडे, उन्हाळ्यात हलके. गरीब मुलांकडे उतरवण्यासारखे कपडे मुळातच कमी. म्हणजे दूध न पिणाऱ्यांत खात्यापित्या घरची मुले जास्त असतील तर त्यांच्या वाढीतून कपड्यांचे वजन वजा होत होते. शिवाय एका शाळेत एकतर कच्चे दूध किंवा पाश्चरीकृत, दोन्ही कधीच नाही. त्यामुळे दुधाच्या दोन प्रकारांची तुलना करायला जावे तर ती शाळाशाळांचीही तुलना होऊन बसते. आखताना प्रयोग असलेली गोष्ट चांगुलपणापायी अर्धप्रयोग झाली, आणि अहवालाने मात्र तिला प्रयोगासारखेच वागवले.

आता पुन्हा ‘अ’ आणि ‘ब’ तुकड्यांकडे. त्या का वेगळ्या पडल्या? कदाचित गुणांनुसार, कदाचित निवडलेल्या विषयांनुसार, किंवा कोण आधी आले यावरून. हे न तपासता काढलेला टी हा आकडा आहे, पुरावा नाही. पूर्वचाचणीचे गुण सारखे आले म्हणून निश्चिंत होणेही धोक्याचे. आज सारख्या पातळीवर असलेल्या दोन तुकड्यांपैकी एक भराभर पुढे जाणारी असू शकते, आणि पूर्वचाचणी पातळी सांगते, वेग सांगत नाही. नव्या पद्धतीसाठी मुद्दाम सर्वांत मागे पडलेली मुले घेतली असतील तर आणखी एक गंमत: एखाद्या वाईट दिवशी कमी गुण मिळालेली बरीच मुले पुढच्या चाचणीत काहीही न करता सरासरीकडे सरकतात. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅनली यांनी 1963 मध्ये या धोक्यांची यादीच करून ठेवली. ती अर्धप्रयोग करणाऱ्याने एकेक करून खोडायची असते. खरा प्रयोग यातले बहुतेक धोके नाण्यावर सोपवून मोकळा होतो.

‘मग दोन तुकड्यांत नाणे उडवू, झाला प्रयोग,’ अशी पळवाट निघते. नावापुरती ती खरी. पण नाणे एकदाच उडाले. साठ मुले असली तरी यादृच्छिक वाटणी दोनच वस्तूंची झाली, आणि ‘अ’चा शिक्षक जास्त उत्साही असेल तर एका नाण्याने ते झाकले जाणार नाही. निदान दोन्ही बाजूंना पुष्कळ तुकड्या हव्यात, आणि विश्लेषणही तुकडी हे एकक धरून व्हायला हवे.

अर्धप्रयोग म्हणजे अर्धवट काम, हा समजही काढून टाकावा. वर्गातली पटसंख्या कमी केली तर मुले जास्त शिकतात का, हा प्रश्न दोन्ही वाटांनी तपासला गेला आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षे 79 शाळांमध्ये मुले आणि शिक्षक चिठ्ठीने वाटले गेले: काही 13 ते 17 मुलांच्या वर्गात, काही 22 ते 25 च्या. लहान वर्गांचे गुण वर गेले. (काही मुले नंतर वर्ग बदलून गेली. प्रयोगही कागदावर असतो तितका स्वच्छ राहत नाही.) इस्राएलमध्ये जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लावी यांनी कोणालाच कुठे वाटले नाही. तिथे एका वर्गात 40 पेक्षा जास्त मुले बसवायची नाहीत असा नियम आहे. इयत्तेचा पट 40 असेल तर एक वर्ग, 41 झाला की दोन, सरासरी साडेवीस मुलांचे. पट 40 असलेली शाळा आणि 41 असलेली शाळा यांत दुसरा मोठा फरक असण्याचे कारण नाही, म्हणून तो नियमच जवळजवळ नाण्याचे काम करतो. 1999 च्या त्यांच्या लेखात लहान वर्गाचा फायदा पाचवीत दिसला, चौथीत थोडा, तिसरीत नाही. मात्र नव्या माहितीवर त्यांनी सहकाऱ्यांसह 2019 मध्ये पुन्हा तपासले तेव्हा परिणाम दिसला नाही, आणि सीमारेषेजवळ पटाच्या आकड्यांत हातचलाखी होत असल्याचेही आढळले. तिचा हिशेब लावूनही उत्तर शून्यच आले.

म्हणून माझ्या मते अर्धप्रयोगांतही दोन जाती आहेत. गटात शिरण्याचा नियम लेखी आणि माहीत असतो ती एक, आणि ‘तुकड्या आधीपासूनच होत्या’ ती दुसरी. पहिलीवर मी बराच भरवसा ठेवतो. दुसरीत नियम कसा होता हे लेखकाने शोधून लिहिलेच पाहिजे.

आणखी एक गल्लत उरते. ‘यादृच्छिक नमुना निवड केली’ असे लिहून प्रयोगाचा शिक्का मिळत नाही. शाळा चिठ्ठीने निवडल्या तर निष्कर्ष इतर शाळांना लागू करता येतो. गट चिठ्ठीने पाडले तर कारण आणि परिणाम यांबद्दल बोलता येते. एकातून दुसरे मिळत नाही.

गॉसेटने टीका करून हात झटकले नाहीत. त्याची सूचना होती, एकसारख्या जुळ्या मुलांच्या 50 जोड्या घ्या आणि प्रत्येक जोडीतल्या कोणाला दूध द्यायचे ते नाणे उडवून ठरवा. त्या 20,000 मुलांपेक्षा त्यातून जास्त कळेल, असा त्याचा हिशेब होता.