रविवारच्या ब्रेक पॅडची शनिवारची तयारी

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलणं हे घरी करता येण्याजोगं सोपं काम मानतात, आणि ते सोपं आहेही. चाक काढायचं, कॅलिपरचे (पॅड धरून चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दाबणारा भाग) दोन बोल्ट सोडायचे, त्यातला पॅडला ढकलणारा पिस्टन मागे रेटायचा, जुन्या पॅडच्या जागी नवे बसवायचे, सगळं परत जोडायचं. व्हिडिओत हे वीस मिनिटांत उरकतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र दुपारी दीड वाजता गाडी स्टँडवर (उचललेली गाडी टेकवायची लोखंडी तिवई), चाक बाजूला, एक बोल्ट जागचा हलायला तयार नाही आणि रविवार म्हणून स्पेअर पार्टची दुकानं बंद, अशी अवस्था होते. हात कच्चा म्हणून काम अडतं असं मला वाटत नाही. अडतं ते आदल्या दिवशी करायचं राहून गेलेल्या गोष्टींमुळे. त्या गोष्टी कुठल्या, हे बोल्ट, तेल आणि ब्रेक ऑइल यांच्या गुणधर्मांवरूनच ठरतं.

आधी ब्रेकवर भार किती पडतो ते पाहू. माणसांसकट १३०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असेल, तर तिच्यात सुमारे ३२० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. जोरात ब्रेक दाबला की ती बहुतेक सगळी पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून उष्णता होऊन बाहेर पडते. एक लिटर पाण्याला २५ अंशांवरून उकळी आणायला लागते साधारण तितकी ही उष्णता, आणि ती तयार होते चार-पाच सेकंदांत. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी बाराशे मीटरहून जास्त खाली येते. हिशेब मांडला तर ८० च्या वेगावरून पन्नासेक वेळा थांबण्याइतकी ऊर्जा त्या एका उतारावर कुठेतरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिन त्यातला मोठा वाटा उचलतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणाऱ्यांचा जवळपास सगळा बोजा पॅडवर येतो. पॅडवरचा घर्षणाचा थर तीनेक मिलिमीटरवर आला की बदलायची वेळ झाली म्हणायची.

पॅड विकत घ्यायला निघताना गाडीचं नाव पुरत नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो साल आणि व्हेरिएंटचा, आणि त्याचं बरोबरच असतं. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या कंपनीचे कॅलिपर बसवलेले असू शकतात. मग पॅडच्या मागच्या पत्र्याचा आकार बदलतो. १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर मोबाइलमध्ये असू द्यावा. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, कारण एका बाजूचं घर्षण जास्त झालं तर ब्रेक मारताना गाडी त्या बाजूला ओढते. पॅडसोबतच्या पातळ स्टीलच्या क्लिपाही मागून घ्याव्यात. जुन्या क्लिपांचा ताण गेलेला असतो आणि कामाच्या मध्यावर त्यांतली एखादी हमखास मोडते.

आता पान्यांकडे. पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर सांगतो, बोल्टची जाडी नाही. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं जपानी पद्धतीत १२ चं असतं, युरोपीय पद्धतीत १३ चं. १० मिलिमीटरच्या बोल्टला जपानी गाडीत बहुधा १४ चा पाना लागतो, युरोपीय गाडीत १६ किंवा १७ चा. म्हणून मारुती किंवा टोयोटावर काम करणाऱ्याचा १३ चा पाना डब्यात नवाकोरा राहतो, आणि तोच माणूस शेजाऱ्याच्या स्कोडाला हात लावायला गेला की त्याचे १२ आणि १४ बिनकामाचे ठरतात. आपल्या गाडीला कुठले आकडे लागतात ते शनिवारीच लावून बघावं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की चाक न काढताही कॅलिपरच्या मागचे बोल्ट दिसतात आणि त्यांच्यावर पाना ठेवून पाहता येतो. तिथेच आणखी एक गोष्ट लक्षात येते: बऱ्याच कॅलिपरमध्ये बोल्ट फिरवला की तो ज्या पिनेत बसलाय ती पिनही सोबत फिरते. ती धरून ठेवायला पातळ तोंडाचा फिक्स पाना लागतो. घरातल्या सेटमधला पाना जाड असेल तर त्या फटीत शिरतच नाही.

गोटी (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारा पाना, सॉकेट) घेताना सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची गोटी बोल्टवर पटकन बसते, पण तिचा दाब बोल्टच्या कोपऱ्यांजवळच्या अरुंद पट्टीवर येतो. सहा कोनांची गोटी कोपऱ्यापासून थोडी आत, सपाट बाजूवर रेटते. नव्या बोल्टला याने फारसा फरक पडत नाही. गंजून आधीच झिजलेल्या डोक्याला पडतो, आणि एकदा डोकं गोल झालं की पुढे फक्त पाइप रेंच, छिन्नी आणि शिव्या उरतात.

गंजाचा स्वभाव मोठा चिवट. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ धातूपेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधली फट केसाहून बारीक. त्यात गंज फुगला की नट आणि बोल्ट एकमेकांत पाचर मारल्यासारखे आवळले जातात. कोकणात आणि मुंबईत हवेतला खारटपणा हे काम आणखी वेगाने करतो. गंजात शिरणारं पातळ तेल तिथे उपयोगी पडतं, पण लगेच नाही. ते अरुंद फटीत आपोआप ओढलं जातं, कारण तेलाचे रेणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटत पुढे सरकतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं ते याच बळावर. मात्र जसजसं ते आत जातं तसतसा मागच्या तेलाचा अडथळा वाढत जातो. या शोषणाचं गणित असं की दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. पाच मिनिटांत दोन मिलिमीटर गेलेलं तेल (हा आकडा निव्वळ उदाहरणादाखल) आठ मिलिमीटर जायला ऐंशी मिनिटं घेईल, आणि गंजाने फट बुजत आलेली असेल तर त्याहून कितीतरी जास्त. तेल मारून लगेच पाना लावणाऱ्याच्या हाती फक्त वरचा ओलावा लागतो. शनिवारी संध्याकाळी तेल सोडायचं, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके टोले द्यायचे म्हणजे ठिसूळ गंजाला तडे जातात, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा सोडायचं.

ब्रेकपाशी स्प्रेचा फवारा मात्र नको. एका थेंबाचा पातळ थर डिस्कवर किंवा पॅडवर गेला तर घर्षण घसरतं, आणि घर्षणासाठीच तर हा सगळा खटाटोप. औषधाच्या सिरिंजने बोल्टच्या मुळाशी थेंब सोडावेत आणि खाली चिंधी धरावी.

चाकाच्या नटांना तर तेल लावूच नये. नट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा नटाच्या बैठकीखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. चाक धरून ठेवतो तो हा ताणच. आवळलेला बोल्ट ही एक ताठ स्प्रिंगच असते. ताणली गेल्यामुळे ती चाकाला आत ओढून धरते. १२ मिलिमीटरच्या कोरड्या बोल्टवरचा नट १०० न्यूटन-मीटरने (फिरवण्याच्या जोराचं माप) आवळला तर त्याच्यावर सुमारे सव्वाचार टनांचा ताण येतो. त्याच आट्यांना तेल असेल आणि टॉर्क रेंच तोच १०० चा आकडा दाखवत असेल, तरी घर्षण कमी झाल्यामुळे ताण साडेपाच टनांवर जाऊ शकतो. रेंच खोटं बोलत नाही. तो फक्त फिरवण्याचा जोर मोजतो, आतला ताण मोजत नाही. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी दिलेला असतो. तेव्हा तारेचा ब्रश आणि फडकं जवळ ठेवावं, आणि टॉर्क रेंच नसेल तर एक दिवसापुरता कुणाकडून मागून आणावा. त्याने नट सोडवायचा मात्र नाही. जाम नटावर जोर लावून त्याचं माप बिघडतं.

चाकाचे नट सुटतात का हेही शनिवारीच, चाक जमिनीवर असताना बघायचं. टायरच्या दुकानात हवेच्या गनने आवळलेले नट कधी कधी ठरलेल्या जोराच्या कितीतरी पुढे गेलेले असतात. गाडीसोबत मिळणारा एल पाना पाव मीटरचा धरला तर १०० न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकाला सुमारे ४० किलोंचा जोर लागतो. अर्ध्या मीटरच्या दांड्याला २० पुरतात. एखादा लांब दांडा किंवा पान्यावर बसेल असा पाइप म्हणूनच हवा. नट सैल करून पुन्हा आवळून ठेवावेत. सुट्या नटांपैकी एखादा हरवला तर दुसऱ्या गाडीचा उचलून लावू नका. सुझुकीच्या गाड्यांत १२ मिलिमीटरच्या बोल्टवर आट्यांमधलं अंतर बहुधा सव्वा मिलिमीटर असतं, टोयोटा-होंडात दीड. चुकीचा नट दोन वेढे छान बसतो आणि मग आटे खात जातो.

गाडीच्या डिकीतला जॅक पंक्चरपुरताच असतो. कामासाठी स्टँड हवा. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडीचं वजन एका रबरी सीलमागच्या तेलावर उभं असतं. स्टँडमध्ये ते लोखंडावर लोखंड टेकून उभं राहतं. जागा सपाट हवी, बेसमेंटचा उतार नको. पेव्हर ब्लॉकवर स्टँडचे बारीक पाय दबतात, म्हणून खाली जाड प्लायवूडचा तुकडा टाकावा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. या बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही: स्टँड नसेल तर काम पुढच्या आठवड्यावर ढकलावं.

ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ऑइल ग्लायकॉल या रसायनाच्या कुळातलं असतं आणि हवेतली आर्द्रता शोषून घेतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो; त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की किमान १५५ अंशच धरायचा. घाटात ते आत उकळलं तर वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जातं. मागच्या पावसाळ्यात उघडून ठेवलेली बाटली या कामी आणू नये, सीलबंद नवी आणावी. पिस्टन मागे रेटताना टाकीतली पातळी वर चढते, म्हणून टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आधी थोडं ऑइल सिरिंजने काढून घ्यावं (तेलाची सिरिंज वेगळी, ही वेगळी). रंगावर सांडलं तर रंग उचलतं. पण ते पाण्यात मिसळतं, त्यामुळे बादलीभर पाणी शेजारी असलं की काम भागतं. कॅलिपरच्या पिना वंगणायला चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस घेऊ नका. ब्रेकमधलं रबर ग्लायकॉलला दाद देत नाही, पण खनिज तेलात फुगतं, आणि फुगलेल्या रबरात पिना अडकतात. ब्रेकसाठी सिलिकॉनचं वेगळं ग्रीस मिळतं, त्याची छोटी ट्यूब बरीच पुरते.

मास्क आणि ब्रेक क्लीनरही घेऊन ठेवावं. पॅडची काळी भुकटी फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओली करून पुसावी. बेनामी जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

आणि एक कागद. पिस्टन मागे रेटल्यावर तो आणि नवा पॅड यांच्यात फट राहते. पहिल्यांदा पेडल दाबलं की ऑइल ती फट भरण्यातच खर्च होतं आणि पाय सरळ तळाला जातो. गाडी जागची हलवण्याआधी, पेडल कडक लागेपर्यंत ते सावकाश दाबत राहावं लागतं. दिवसभर वाकून काम केलेल्या माणसाला नेमकं हेच आठवत नाही. तेव्हा ‘आधी पेडल’ एवढं लिहून तो कागद शनिवारीच स्टिअरिंगवर चिकटवून टाकावा.