दोन्हीकडची घाई

मराठवाड्यातल्या कुठल्याही वर्तमानपत्राचं जिल्हा पान वर्षभर चाळलं तर दोन बातम्या पुन्हा पुन्हा भेटतात. 'ऐन मुहूर्तावर बालविवाह रोखला' ही एक, 'प्रेमी युगुलाने जीवनयात्रा संपवली' ही दुसरी. पहिलीत ग्रामसेवक आणि पोलीस असतात, मुलीच्या बापाकडून हमीपत्र लिहून घेतलेलं असतं. दुसरीत दोन वयं असतात आणि 'लग्नाला घरच्यांचा विरोध होता' एवढं एक वाक्य. एक बातमी महिला व बालविकास खात्याची, दुसरी पोलिसांची, म्हणून आपण त्या वेगवेगळ्या वाचतो. मला त्या एकाच गोष्टीची दोन टोकं वाटतात.

दुसऱ्या बातमीवर पारावरची चर्चा ठरलेली असते. हे वयच वेडं, मोबाइलने पोरं बिघडली, सिनेमे बघून डोकी फिरली. वय उतावळं असतं हे खोटं नाही. पण उतावळेपणा पोरांइतकाच घराचाही असतो, आणि घराचा फार जुना आहे.

तसं प्रेम या भूमीला नवखं नाही. पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्या घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथा आहेत, आणि त्यांत गोदावरीचा काठ आहे, शेतं आहेत, चोरून भेटणारी माणसं आहेत. प्रेमाची दोन हजार वर्षांची परंपरा म्हणून आपण तिचा अभिमानाने उल्लेख करतो. करावा. पण नीट वाचलं तर त्यातल्या कितीतरी नायिका लग्न झालेल्या आहेत, नवरा परगावी आणि घरात सासू पहाऱ्यावर. आधी प्रेम आणि मग त्याच माणसाशी लग्न, हा आग्रह त्या मानाने कालपरवाचा.

मधली शतकं इथे भराभर ओलांडता येतील, कारण त्या काळात बहुतेक मुलींना प्रेमात पडायला वयच मिळत नव्हतं. न्हाण येण्याआधी लग्न उरकलेलं असे. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ येतो, माहेर येतं, विठ्ठल येतो. लग्नाआधीचा कुणी आवडता शोधून सापडत नाही. १९२९ चा शारदा कायदा झाला तेव्हा मुलीचं लग्नाचं वय १४ आणि मुलाचं १८ ठरलं, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते, आणि ते राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकलं. तिकडे पुण्या-मुंबईत संमतिवयावर, प्रौढविवाहावर पन्नास वर्षं हमरीतुमरी झाली. इथल्या खेड्यांपर्यंत तो वाद पोचलाच नाही.

खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला आणि तो शाळेच्या वाटेने आला. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. मग तालुक्याच्या गावी कॉलेजं निघाली. मुलींचं शिक्षण मोफत झालं, एसटीचा मोफत पास आला, पुढे शाळकरी मुलींसाठी शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस थेट गावात येऊ लागली. १९७८ च्या दुरुस्तीने मुलीचं लग्नाचं वय १८ आणि मुलाचं २१ झालं. लातूरला शिकवण्यांचा बाजार उभा राहिला आणि सोळा-सतरा वर्षांची हजारो मुलंमुली घरापासून लांब खोली करून राहू लागली. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटने मोबाइल सगळ्यांच्या हातात गेला, आणि २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने तो घरच्यांनी स्वतःहून पोरांच्या हातात दिला.

म्हणजे न्हाण येणं आणि लग्न होणं यांच्यामध्ये पाच-सहा वर्षांची एक मोकळी पट्टी तयार झाली. आजीच्या आयुष्यात ती नव्हती, आईच्या आयुष्यात जेमतेम होती. या पट्टीत मुलगी बसस्टँडवर उभी राहते, क्लासला जाते, कुणाशी तरी बोलते. तिथे तिने कसं वागावं याचा घराला काही अनुभवच नाही. अनुभव आहे तो एकाच उपायाचा, पट्टी बंद करण्याचा.

तो उपाय कसा चालतो ते गावोगाव सारखंच आहे. कुणीतरी चुलत्याच्या कानावर घालतं की तुमची पोरगी अमक्या पोराशी बोलताना दिसली. त्याच संध्याकाळी मोबाइल काढून घेतला जातो. दुसऱ्या दिवशी शाळा बंद, मुलीला मामाच्या गावी पाठवलं जातं. आठवड्याभरात पाहुणे स्थळ घेऊन येतात. 'नाव खराब व्हायच्या आत उजवून टाका' असं भावकी सांगते, आणि बघायला आलेले लोक टिळा लावून, साखरपुड्यातच लग्न उरकून मुलीला घेऊन जातात. दोष कळल्यापासून अक्षता पडेपर्यंत दहा-पंधरा दिवस. त्यात मुलीला 'तुझं काय म्हणणं आहे' असं विचारणारं माणूस सहसा नसतं. आईला बहुतेक वेळा सगळं ठाऊक असतं, पण तिचं घरात चालत नाही.

पोरांचा आततायी निर्णय याच दहा-पंधरा दिवसांत होतो. त्यांच्यासमोरही घड्याळ लावलेलं असतं. पळून जायचं तर आज, उद्या ती दुसऱ्याच्या घरी असेल.

बीडकडे या घाईला ऊसतोडीचं आणखी एक कारण जोडलं जातं. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, दसरा-दिवाळीनंतर नवराबायको कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात ते उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय जोडपं म्हणजे एक कोयता, लग्न केलं की नवा कोयता आणि नवी उचल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं; परभणीत ४८ आणि बीडमध्ये ४३.७. यातली सगळी लग्नं प्रेमाच्या धास्तीने झाली असं कुणी म्हणणार नाही, हुंडा आणि गरिबी आहेच. पण गावात कारण विचारलं की 'जमाना खराब आहे' हे उत्तर मिळतं, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

आता कायद्याची बाजू, कारण पळालेल्या पोरांची पहिली गाठ त्याच्याशीच पडते. १९६४ मध्ये एस. वरदराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अठराच्या उंबरठ्यावरची समजती मुलगी आपणहून निघून आली तर नुसतं तिला सोबत केलं म्हणून मुलाने तिला 'पळवून नेलं' असं होत नाही. पुढचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. २०१२ च्या पोक्सो कायद्याने, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने, शरीरसंबंधांसाठी संमतीचं वय १६ वरून १८ वर नेलं. अठराखालच्या मुलीची संमती ही संमतीच नाही, आणि माहिती असून पोलिसांना न कळवणं हा गुन्हा. बालकांवरच्या अत्याचारांसाठी तो कायदा हवाच होता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हरवलेल्या प्रत्येक बालकाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवा. हेही योग्यच, मुलं विकली जात होती. पण दोन्ही मिळून असं झालं की सतरा वर्षांची मुलगी वीस वर्षांच्या मुलाबरोबर निघून गेली की बापाची तक्रार अपहरणाची होते आणि सापडल्यावर त्याला पोक्सो लागतो. ठाण्यात मुलगी 'मी माझ्या मनाने गेले' म्हणते, शाळा सोडल्याचा दाखला पुढे येतो, जन्मतारीख बघितली जाते आणि तिचं म्हणणं तिथेच संपतं. घरी जायला नकार दिला तर बाल कल्याण समिती तिला बालगृहात पाठवते. दिवस गेलेले असतील तर दवाखान्याची पायरी चढायलाही ती घाबरते, कारण डॉक्टरला कळवावंच लागतं. २०२३ च्या अहवालात विधी आयोगाने संमतीचं वय कमी करू नका असं सांगितलं, मात्र १६ ते १८ मधल्या अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयाला मोकळीक द्यावी असं सुचवलं.

सज्ञान असली तरी वाट सोपी नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावावी लागते, म्हणजे ज्यांच्यापासून लपायचं त्यांनाच आमंत्रण. म्हणून मराठवाड्यातली जोडपी आळंदी गाठतात. हिंदू पद्धतीने एका दिवसात लग्न लागतं, फोटो निघतात, कागद हातात येतो. तोही मुलगा २१ चा असेल तर. अठराचा मुलगा मतदान करू शकतो, नवरा होऊ शकत नाही. २०१८ च्या केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निदान एवढं स्पष्ट केलं की मुलगा २१ चा नसला तरी दोन सज्ञान माणसं एकत्र राहू शकतात. गावात हे कुणाला सांगून बघा.

आणि जात. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिअंताचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाचं नाव घेतलं, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याच्या नामांतर लढ्यात इथल्या वाड्यावस्त्यांनी काय भोगलं ते आजही घराघरात आठवतं. शासन आंतरजातीय जोडप्याला ५० हजार रुपये देतं, पण भावकीने टाकल्याची भरपाई त्यात होत नाही. 'पोरगं चांगलं आहे, पण आपल्यातलं नाही' या वाक्याला मराठवाड्यातल्या पोरांकडे अजून उत्तर नाही, आणि उत्तर नसलं की टोकाचा विचार जवळचा वाटू लागतो.

किती पोरं अशी गेली, याचा आकडा म्हणाल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी ४.५ टक्क्यांसमोर प्रेमप्रकरण हे कारण आहे. सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात, २२,७४६. माझा या टक्क्यावर फारसा विश्वास नाही. अकस्मात मृत्यूची नोंद करताना कारण नातेवाइकांच्या जबाबावरून लिहिलं जातं आणि तरुण मुलगी गेली की जबाबात 'पोटदुखीला कंटाळून' येतं. घराण्याचं नाव कागदावर नको. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३०९ होतं तोवर वाचलेल्यावरही गुन्हा दाखल व्हायचा, त्यामुळे दवाखान्यातही खोटं सांगायची सवय लागली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे तर उपचार हवेत असं म्हटलं आणि १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत ते कलम राहिलं नाही. सवय अजून आहे. उलट टोकाला, बातमी झालीच तर 'एकत्र जगता आलं नाही म्हणून' असा रंग चढवला जातो, जणू काही ती प्रेमाची पावती. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये अशा वार्तांकनाचे नियम घालून दिले आहेत. जिल्हा पानापर्यंत ते पोचलेले दिसत नाहीत.

मेंदूचं शास्त्र थोडक्यात: परिणामांचा विचार करणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. आणि जीव देण्याची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्यातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. म्हणून डॉक्टर आधी वेळ मागतात. धोक्याच्या वस्तू हाताशी ठेवू नका, पोराला एकटं सोडू नका, आज रात्री कुठलाही निर्णय नको. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. अठराखालच्यांसाठी १०९८, आणि जिवाला धोका असेल तर ११२. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात, घरच्यांपासून धोका असलेल्या जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष करा, सुरक्षागृहाचा विचार करा असं सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलेलं आहे, तेव्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात जाऊन त्याची मागणी हक्काने करता येते.

घराची घाई कमी करणारी एक गोष्ट मात्र वेगळ्याच खात्यातून आली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली, मुलांचं एक आणि मुलींचं एक. मुलगी तिथे राहून शिकणार असेल तर कोयता घेऊन निघालेल्या आईबापाला तिला कुणाच्या तरी गळ्यात बांधून जाण्याची निकड राहत नाही. पण टोळ्यांचे ट्रक दसरा-दिवाळीला हलतात. वसतिगृहातली जागा त्याच्या आत मिळाली तरच कामाची, नोव्हेंबरात मिळालेला प्रवेश त्या वर्षीचं लग्न थांबवत नाही.