आधी श्वास सोडा

मालवणच्या जेटीवरून स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्यासाठी, निघालेली होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नांगर टाकते आणि तोवर एकमेकांचे फोटो काढणारी माणसं एकाएकी गप्प होतात. 'पहिलं कोण उतरणार?' असं विचारलं की प्रत्येकाला होडीतला दुसराच कुणीतरी त्या मानाला जास्त लायक वाटू लागतो. मीही त्यातलाच. वीस वर्षं बारावीच्या मुलांना श्वसनसंस्था शिकवलेला माणूस. फुप्फुसांची आकृती डोळे मिटून फळ्यावर काढून दाखवीन. पण सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर दातांत धरून पाण्याखाली गेलो, मिनिटभरात धडपडत वर आलो आणि होडीची कड घट्ट धरून म्हणालो, "हवाच येत नाहीये याच्यातून!"

आम्हाला पाण्यात उतरवणारा पोरगा विशीतला असेल. त्याने माझा रेग्युलेटर स्वतःच्या तोंडात धरून दोन श्वास घेतले, मग दाबाचा काटा माझ्या नाकासमोर धरला. सिलिंडर जवळजवळ भरलेला होता. "हवा येता हा, काका," तो म्हणाला. "तुमी ती सोडनास नाय."

माझा वीस वर्षांचा धडा त्याने एका वाक्यात उरकला.

आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी पडला म्हणून, अशी सगळ्यांचीच समजूत असते. खरं म्हणजे श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हातात असतो. जॉन स्कॉट हाल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी १९०५ साली हे दाखवून दिलं. (प्राणवायूवाला जोसेफ प्रीस्टली तो वेगळा, सव्वाशे-दीडशे वर्षं आधीचा. परीक्षेत मुलं हमखास घोटाळा करतात.) रक्तातला कार्बन डायऑक्साइड जरासा वाढला की मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र कासावीस होतं. प्राणवायू बराच खाली उतरेपर्यंत मात्र शरीर फारशी तक्रार करत नाही. त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा आत येणाऱ्या हवेत काही खोट नसते, आतली हवा बाहेर गेलेली नसते.

याचा हिशेब वहीच्या एका कोपऱ्यात मावेल. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते. तिथे वायूंची देवघेव होत नाही, ती नुसती वाटेवरची हवा. मिनिटाला १२ श्वास धरले तर एकूण हवा ६ लिटर आणि त्यातली कामाची ४.२ लिटर. आता तोच माणूस घाबरला. तो मिनिटाला ३० वेळा, पण वरवरचे, २०० मिलिलिटरचे श्वास घेतोय. एकूण हवा तीच, ६ लिटर. पण दर श्वासात १५० मिलिलिटर वाटेवरच खर्ची पडतात, उरतात फक्त ५०. तीस वेळा पन्नास म्हणजे दीड लिटर. छाती भात्यासारखी हलतेय आणि कामाची हवा जवळपास एक तृतीयांशावर आलीय. त्यात तोंडातल्या रेग्युलेटरची स्वतःची थोडी पोकळी वाटेच्या हवेत भर घालते. दहा मीटर खोलीवर हवा दुप्पट दाट होते, म्हणून ती ओढायलाही जास्त जोर लागतो.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होत होती, आणि ती बहुतेक नवख्यांची होते. हवा मिळेल की नाही या धास्तीने माणूस ती साठवायला बघतो. मोठा श्वास घेतो, अर्धामुर्धा सोडतो, त्यावर आणखी घेतो. चार-पाच श्वासांत फुप्फुसं काठोकाठ भरतात आणि पुढच्या श्वासाला जागाच उरत नाही. भरलेल्या हंड्यात पाणी ओतायला जावं आणि नळाला पाणी नाही म्हणून ओरडावं, तसला प्रकार.

शरीराच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. चेहरा पाण्यात गेला की श्वास रोखायचा आणि हृदयाचे ठोके मंद करायचे, ही प्रतिक्षिप्त क्रिया सस्तन प्राण्यांमध्ये उपजत असते. सीलमध्ये ती जबरदस्त असते, आपल्यात बेताची, पण असते. चेहऱ्याच्या त्वचेतल्या नसा पाण्याची वर्दी मेंदूला देतात आणि पुढचं आपल्याला न विचारता घडतं. म्हणजे पाण्याखालचा पहिला श्वास हा शरीराच्या पुरातन हुकुमाविरुद्ध घ्यायचा असतो. तो अडखळला तर त्यात भित्रेपणा काही नाही.

हे घरी करून बघता येतं. बादली पाण्याने भरा, तोंडात स्नॉर्कलची नळी धरा, नाक उघडंच ठेवा, जवळ कुणालातरी बसवा आणि चेहरा पाण्यात घाला. नळीचं टोक वर हवेत आहे हे पक्कं ठाऊक असूनही पहिला श्वास छातीत अडतो. दहाव्या-बाराव्या श्वासाला अडणं कमी होतं. चार दिवस केलंत की मेंदूला पटतं की पाणी चेहऱ्यावर असलं तरी हवा तोंडाने येते. मालवणला जाण्याआधी मी एवढंच केलं असतं तर माझी फजिती टळली असती. बायकोने ती होडीतून पुरेपूर पाहिली, हे वेगळं.

'घाबरू नका' या सल्ल्याला म्हणूनच काही अर्थ नाही. काही माणसांच्या मेंदूतली गुदमरण्याची घंटा जरा जास्तच हळवी असते आणि कारण नसताना वाजते, अशी मांडणी डोनाल्ड क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने १९९३ साली केली होती. विल्यम मॉर्गन या अमेरिकी संशोधकाने १९९५ साली मांडलेल्या पाहणीत, निम्म्याहून अधिक स्कूबा डायव्हरांनी कधी ना कधी पाण्याखाली आपण सैरभैर झालो किंवा होता होता राहिलो असं सांगितलं. त्यात मुरलेलेही होते. भीती मुरलेल्यांनाही भेटते, पण तेव्हा काय करायचं हे त्यांना ठाऊक असतं: हालचाल थांबवायची, काहीतरी स्थिर धरायचं आणि सगळ्यात आधी श्वास सोडायचा, संथ आणि पूर्ण. बुडबुड्यांचा आवाज थांबेपर्यंत सोडत राहिलं की पुढचा श्वास आपोआप खोल येतो. मात्र हवा वाचवण्यासाठी मध्येच श्वास धरून ठेवण्याची हुशारी करू नये, त्यानेही कार्बन डायऑक्साइड साचतो.

यंत्रावर अविश्वास असेल तर त्याची रचना एकदा समजून घ्यावी. वर्तमानपत्रं काहीही छापोत, पाठीवरच्या सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसतो. साधी हवाच असते, गाळून, कोरडी करून सुमारे २०० पट दाबाने भरलेली. (शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरच्या खाली विषासारखा वागू लागतो, झटके येऊ शकतात.) ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये अशी दोन हजार लिटरहून जास्त हवा मावते. ती दोन टप्प्यांत उतरवून, आपण असू त्या खोलीवरच्या दाबाइतकी करून तोंडात देतो तो रेग्युलेटर. आपण ओढलं की आतला पडदा वाकतो, झडप उघडते. थांबलो की बंद. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे यंत्र सिद्ध केलं. गान्यां हा वायूंच्या कंपनीतला इंजिनिअर, युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवण्याची झडप बनवत होता. तीच कल्पना पाण्याखाली आली. रेग्युलेटर तोंडात ठेवून खोकता येतं आणि प्रसंग आलाच तर ओकताही येतं. घाबरट नवखा मिनिटाला २० लिटर हवा ओढतो असं धरलं, तरी दहा मीटरवर, हवा दुप्पट खर्च होऊनही, भरलेला सिलिंडर तासाच्या आसपास पुरतो. पर्यटकांची डुबकी त्याहून उथळ आणि पुष्कळ आखूड असते.

कानांची भीती मात्र रास्त आहे. आंबोलीचा घाट उतरताना कानाला दडे बसतात. सुमारे ७०० मीटरच्या त्या उतारात हवेचा दाब जेमतेम आठ टक्क्यांनी वाढतो. पाण्यात तेवढाच फरक पाऊण मीटरवर पडतो. सबंध घाट म्हणजे कमरेएवढं पाणी! म्हणून कान मोकळे करण्याचं काम पहिल्या हातभर खोलीपासूनच सुरू करायचं. नाक चिमटीत धरून हलकेच नाकात फुंकायचं, की घशातून कानाच्या पडद्यामागे जाणारी नळी उघडते. सतराव्या-अठराव्या शतकातल्या वाल्साल्वा या इटालियन शरीररचनातज्ज्ञाचं नाव या युक्तीला चिकटलंय. दुखायला लागल्यावर नव्हे, दुखण्याआधी, पुन्हा पुन्हा. तरी दुखलंच तर थोडं वर यायचं, जोर काढायचा नाही. आणि सर्दी असेल तर पैसे भरले असले तरी उतरायचं नाही.

मास्कमध्ये पाणी शिरलं की पुष्कळांच्या नाकातोंडात पाणी जाण्याआधीच तोंडचं पाणी पळतं. उपाय पुन्हा तोच. मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान जरा वर करायची आणि नाकाने हवा सोडायची. हवा वर चढते, पाणी खालच्या कडेने निघून जातं. तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा केंद्रात सरावाचा तलाव आहे. समुद्राआधी अशा तलावात, कंबरभर पाण्यात हे दहा वेळा करायला मिळालं तर जरूर करावं. 'पाण्यात पडलं की पोहता येतं' ही म्हण स्कूबाला लावू नये.

गंमत म्हणजे ज्याची खरोखर धास्ती घ्यायला हवी त्याला कुणी घाबरतच नाही. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास तसाच धरून वर आलात, तर पृष्ठभागाशी तीच हवा दुप्पट जागा मागते. दाब निम्मा झाला की वायू दुप्पट जागा घेतो, हा बॉइलचा नियम अकरावीतल्या पोरालाही पाठ असतो, पण इथे ऊर फुटणं हा वाक्प्रचार राहत नाही. भरलेल्या छातीने मीटर-दीड मीटर वर येणंही फुप्फुसाला इजा करू शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना तर सोडतच यायचं, आपल्या बारीक बुडबुड्यांपेक्षा हळू. दमा, फिट, हृदयविकार, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आरोग्याच्या फॉर्मवर खरं लिहायचं. एरवी आपण फॉर्म न वाचता सही करतो, हा तसला नाही.

शार्कबद्दल फार लिहीत नाही. जगभरात वर्षाला विनाकारण चावे शंभराच्या आत, आणि ते बहुतेक लाटांवर खेळणाऱ्यांना किंवा पोहणाऱ्यांना. शिवाय मास्कमधून प्रत्येक मासा एक तृतीयांशाने मोठा दिसतो, तेवढी वजाबाकी मनातल्या मनात करावी. कशालाही हात लावू नये, इतकं पथ्य पुरे. समुद्रात टोचणारे प्राणी छेडल्यावरच बहुधा टोचतात.

मी दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा तो पोरगा माझ्यासमोर आला आणि हाताचा पंजा छातीपासून पुढे, सावकाश, सरकवत राहिला. सोडा. आणखी सोडा. मी सोडत गेलो. कानात बुडबुड्यांचा गडगडाट, मग क्षणभर शांतता, मग आत येणाऱ्या हवेची सुस्स. सातव्या की आठव्या श्वासाला खांदे खाली आले. खडकाशी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे घोळक्याने फिरत होते, आणि एक पोपटमासा खडकाचा पापुद्रा खात होता. त्याच्या चावण्याचा कुरकुर आवाज अगदी कानाशी येत होता. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने येतो, त्यामुळे तो कुठून येतो ते कळत नाही, सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो.

मला इतका आनंद झाला की मी त्या पोराला अंगठा वर करून दाखवला. उतरण्याआधी होडीत खुणा समजावून दिल्या होत्या. माझं लक्ष तेव्हा लाटांकडे होतं. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'मला वर न्या'. पोराने मान डोलावली, माझं जॅकेट धरलं आणि पोपटमाशाला तिथेच सोडून आम्ही वर निघालो.